माणूस जागेवर आहे

माझ्या नणंदबाई कामाला लागल्या की आधी झाडू मागतात. सर्व्हर बसवायला आलेली बाई झाडू मागते आहे हे बघून तंत्रशाळेचा शिपाई गोंधळला. खोली म्हणजे सुतारकामाच्या कार्यशाळेमागची अवजारांची कोठी. भिंतीवर करवती, फळीवर रंधे आणि कानाकोपऱ्यात लाकडाचा भुसा. त्यांनी खोली झाडली, ओल्या फडक्यानं पुसली, शाळेनं दिलेल्या जुन्या संगणकाचं झाकण काढून आतली धूळ ब्रशनं साफ केली आणि मगच वायर लावली. तोवर मी दोनदा घड्याळ बघून घेतलं होतं.

आमचं नणंद-भावजयीचं असतं तसंच आहे. मी बँकेत काउंटरवर बसते. समोरची रांग हलली नाही की माझा जीव वरखाली होतो. नणंदबाई एका मोठ्या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळतात, आणि चहाचा कपसुद्धा आधी टेबल डुगडुगतंय का ते बघून ठेवतात. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्यांच्या या सावकाशपणावर नाक मुरडलं. आता मात्र त्या माझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी रजा काढून आल्या होत्या, तेव्हा तोंड बंद ठेवायचा मी निश्चय केला होता. निश्चय फार टिकला नाही.

नवरा या शाळेत सुतारकाम शिकवायचा. गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढे दोन शब्द उरले, तेही कधी अदलाबदल होऊन यायचे. लिहिलेलं वाचायला जायचा तर अक्षरं दगा द्यायची. प्राचार्यबाईंनी खूप सांभाळून घेतलं, पण रंधा धरता येत नाही नि समजावून सांगता येत नाही, तर वर्ग कसा घेणार? शेवटी त्यांनीच एक वाट काढली. शाळेला संगणकावरचे पाठ हवे होते. मुलांनी ब्राउझरमध्ये पाठ उघडायचा, फोटोवर हवं तिथं दाबायचं, व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारणार. असा एक पाठ त्यानं स्वतः बनवून दाखवला तर तो पाठ बनवणारा शिक्षक म्हणून राहील. नाहीतर नवं सत्र सुरू होण्याआधी आजारपणाची निवृत्ती. ‘स्वतः’ या शब्दावर त्यांनी जोर दिला होता.

असे पाठ बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते कुणीतरी सर्व्हरवर मांडून द्यावं लागतं, आणि शाळेत ते कुणालाच येत नव्हतं. म्हणून नणंदबाई.

हे सॉफ्टवेअर मशीनवर उतरवलं की आधी एक तपासणीचं पान दाखवतं. मशीनमध्ये जे हवं ते असेल तिथं हिरवी खूण, नसेल तिथं लाल फुली. पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा लाल फुल्याच फुल्या. मी म्हटलं, झालं, नापास. त्यांनी लक्ष दिलं नाही. एक फुली घ्यायची, ती का आली ते वाचायचं, एकच गोष्ट बदलायची आणि पान पुन्हा उघडायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका फोल्डरमध्ये लिहायची सर्व्हरला परवानगी नव्हती. मी सुचवलं की सगळ्यांनाच सगळी परवानगी देऊन टाका, काम पटकन होईल. घराची किल्ली रस्त्यात टेबलावर ठेवायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मोठा व्हिडिओ चढेना, तेव्हा त्यांनी फाइलच्या आकाराची मर्यादा वाढवली. पण ही मर्यादा दोन ठिकाणी लिहिलेली असते आणि एकाच ठिकाणी वाढवून लोक फसतात, हेही त्यांना माहीत होतं. एकेक फुली हिरवी होत गेली आणि माझी बडबड आपोआप कमी झाली.

सगळं हिरवं झाल्यावर त्यांनी ते तपासणीचं पानच मशीनवरून पुसून टाकलं, कारण ते राहिलं तर बाहेरचा कुणीही येऊन सगळं नव्यानं मांडू शकतो. मग दुसऱ्या डिस्कवर सगळ्याची एक प्रत काढली आणि तोवर केलेलं अख्खं काम पुसलं. मी कपाळाला हात लावला.

“प्रतीवरून परत उभं राहतं का ते आजच बघायचं,” त्या म्हणाल्या. “गरज पडेल त्या दिवशी बघण्यात काय अर्थ?”

उभं राहिलं. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले, उघडपणे मात्र म्हटलं की चला, आता जेवायला हरकत नाही.

पण त्या उठल्या नाहीत. आता छोट्याचं खातं, म्हणाल्या. पन्नाशीच्या माझ्या नवऱ्याला त्या अजून छोट्या म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये पाठाचे ढिगानं नमुने होते. त्याला लागतील तेवढेच ठेवून बाकीचे लपवले. बटणांवरच्या शब्दांच्या जागी चित्रं आणली. नवरा इंटरनेटवरून घरूनच काम करणार होता; पासवर्ड लिहायची वेळ येऊ नये म्हणून घरी येऊन आमच्या संगणकावर तो साठवून एकाच बटणात आत जायची सोय केली. मग स्वतःचा उजवा हात मांडीखाली दाबून बसल्या आणि डाव्या हातानं अख्खा पाठ बनवून बघितला, फोटो लावणं, बाण काढणं, आवाज जोडणं, जतन करणं. इतक्या बारकाईनं कुणी आपल्या भावाची काळजी घेतलेली मी बघितली नव्हती. तसं मी त्यांना सांगितलंही. त्या लाजल्या आणि वायर गुंडाळायला लागल्या.

त्या परत गेल्या आणि नवरा घरच्या संगणकासमोर बसला. सकाळभर बसला. मी बँकेतून आले तर पाठ कोराच. दुसऱ्या दिवशीही तेच. मला आत येताना बघून त्यानं टेबलावर डाव्या हाताची मूठ आपटली आणि पडद्याकडे बोट दाखवून “हो, हो, हो” म्हणाला. मी विचारत राहिले, काय झालं, कुठं दाबलंस, विसरलास का. तो मान हलवायचा, पण कशाला ते कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो टेबलाकडे फिरकलाच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. हात गेला, बोलणं गेलं, ते आम्ही गिळलं होतं. आता डोकंही चालेनासं झालं असेल तर काय करायचं, ते मला सुचेना.

मी स्वयंपाकघरात जाऊन नणंदबाईंना फोन लावला. म्हटलं, ताई, तुम्ही जिवाचं रान केलंत, पण त्याच्याच्यानं नाही होत. मी उद्या प्राचार्यबाईंना सांगून टाकते.

त्यांनी धीर वगैरे दिला नाही. विचारलं, शेवटी पडद्यावर काय होतं? मी सांगितलं, आत जायचं पान, नेहमीचं. त्या थांब म्हणाल्या. सर्व्हरवर कोण कधी आत आलं याची नोंद आपोआप होते, ती त्या तिकडून उघडत होत्या. बराच वेळ नुसता कळा दाबल्याचा आवाज.

“अगं, तो एका सकाळीत पाच-सहा वेळा आत आलाय,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “काम गेलं की परत यायचा. पुन्हा पहिल्यापासून करायचा. दोन्ही दिवस. तू कुणाला काही सांगू नकोस. मी येते.”

त्या आल्या आणि त्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या. काहीही झालं तरी मध्ये बोलायचं नाही, अशी मला ताकीद होती. त्यानं फोटो उघडला. बघत राहिला. बाण काढला, तो सरळ नव्हता, पुसला. पुन्हा काढला. पुन्हा बघत राहिला. रंधा मारल्यावर फळी डोळ्यासमोर धरून बघायचा, तसंच. माझे हात शिवशिवत होते. माउस हिसकावून मी ते चुटकीसरशी करून टाकलं असतं. नणंदबाई मांडीवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या. त्या एका बाणाला किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तो त्याच्या मनासारखा झाला, त्यानं जतन करायचं बटण दाबलं, आणि समोर आत जायचं पान आलं. फोटो नाही, बाण नाही, काही नाही. त्यानं बहिणीकडे बघितलं.

“चूक माझी आहे, छोट्या,” त्या म्हणाल्या. “तू बरोबरच करत होतास.”

घोडं कुठं पेंड खात होतं ते त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. माणूस पडद्याकडे बघत असतो तेव्हा सर्व्हरला काहीच कळत नाही. बटण दाबलं की त्याला निरोप जातो. वीस-पंचवीस मिनिटं निरोप आला नाही की तो समजतो माणूस उठून गेला, आणि त्याला बाहेर काढतो. हा मूळचाच ठरलेला वेळ. तो कुणालाही पुरतो, म्हणून त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

“हात दाबून बसले,” त्या म्हणाल्या, “पण डोकं माझ्याच वेगानं पळवलं.”

नवरा हसला आणि हसता हसता रडायला लागला. झटक्यानंतर त्याचं असं होतं. मला तर झटका आलेला नव्हता, तरी मीही रडले. तो दोन दिवस आम्हाला हेच सांगत होता, आणि मी त्याला विसरलास का म्हणून विचारत होते.

मग मी डोळे पुसून माझ्या वळणावर गेले. म्हटलं, मधेमधे जतन करायला शिकवलं तर? त्या म्हणाल्या, त्याला एका कामातून दुसऱ्यात जाऊन परत यायला किती पडतं ते बघितलंस ना? त्याला कशाला बदलायचं, सर्व्हर बदलू. बाहेर काढायचा वेळ त्यांनी अख्ख्या दिवसाचा केला. एवढ्यानं भागत नाही. कोण आत आहे याच्या शिळ्या नोंदी साफ करणारं काम वेगळंच चालू असतं, त्यालाही आवरलं. शिवाय त्याचं पान दर थोड्या वेळानं आपणहून काम जतन करेल आणि ‘माणूस जागेवर आहे’ असा निरोप सर्व्हरला धाडेल, असं केलं. ही सवलत फक्त त्याच्या खात्याला आणि फक्त आमच्या घरच्या संगणकाला. बाकीच्यांना पूर्वीचेच नियम. मग अर्धा काढलेला बाण तसाच ठेवून आम्हा दोघांना घेऊन बाजारात गेल्या, भाजी आणली, जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर त्यानं बटण दाबलं. बाण जागच्या जागी होता.

पाठ पुरा व्हायला पुढचे बरेच दिवस लागले. एकदा त्यानं मला दोन लाकडं धरायला लावली आणि डाव्या हातानं हातोडी मारत आवाज टिपून घेतला. हे काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. मी आपली बोटं सांभाळत होते.

प्राचार्यबाई ठरल्या दिवशी घरी आल्या. नणंदबाईही आल्या होत्या. पाठ दोन लाकडांच्या सांध्याचा होता. पहिल्या फोटोत सांध्याला बारीक फट. खाली बोटाचं चित्र, म्हणजे कुठं तासायचं तिथं दाबायचं. बाईंनी भलतीकडेच दाबलं, तर फट वाढलेला फोटो आला. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. पुढं नुसते आवाज होते. सांध्यावर हातोडीचे घाव, एकामागून एक. सुरुवातीला पोकळ, मग भरीव होत जाणारे. थांबायचं कुठल्या घावाला? बाई एक घाव जास्त पुढं गेल्या आणि पडद्यावर उभं चिरलेलं लाकूड आलं. त्यांनी जीभ चावली. पुन्हा ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, आणि बरोबर घावाला थांबवलं. पडद्यावर सांधा दिसला, कुठं जोडलाय ते दिसू नये इतका नितळ. पाठात बोललेला किंवा लिहिलेला एक शब्द नव्हता. मी इतकी वर्षं त्याची हातोडी ऐकत आले, पण तिच्यात हे ऐकायचं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

झटक्यापासून जो येई तो माझ्याकडे बघून बोलायचा. कसे आहेत, काही खातात का, समजतं का त्यांना. तो समोर बसलेला असायचा आणि मी फटाफट उत्तरं द्यायची. प्राचार्यबाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“सर, वर्गाला यानंतर कुठला सांधा देणार?”

मला माहीत होतं कुठला. मी तोंड उघडलं. नणंदबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

तो बाईंकडे बघत राहिला. ओठ हलले, काही आलं नाही. त्यानं टेबलाकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग परत बाईंकडे. बाईंनी घड्याळ बघितलं नाही, मीसुद्धा नाही. खूप वेळ गेला. मग तो खुर्चीचा हात धरून उठला, पाय ओढत कपाटापर्यंत गेला, आतून खाचा पाडलेली दोन लाकडं आणली आणि प्राचार्यबाईंच्या हातात दिली.