कॉलरच्या आतली खूण

लाँड्रीवालीने सुईतला लाल दोरा दाताने तोडला आणि वकीलबाईंनी काउंटरवर ठेवलेल्या फोटोकडे बघायचं टाळलं. बघायची गरजच नव्हती. कॉलरच्या आत दोन लाल टाके, मध्ये एक हिरवा. अकरा वर्षांपूर्वी कोर्टात तिनेच ती खूण ओळखली होती आणि छापखान्यातल्या बाइंडरला जन्मठेप झाली होती.

"मावशी, एकच विचारते." निरपराध माणसांना तुरुंगातून सोडवणाऱ्या संस्थेच्या वकील होत्या त्या, आणि ही त्यांची तिसरी खेप. "खुनाच्या जागी हा शर्ट सापडला, तेव्हा बाइंडरला हा भाग सोडून दोन महिने झाले होते. गिऱ्हाईक गेलं की त्याची खूण दुसऱ्याला देता का हो तुम्ही?"

"नाही."

फार पटकन म्हणाली ती. स्वतःच्याच कानाला ते खोटं लागलं.

दोऱ्यांचे रंग चार आणि गिऱ्हाइकं दीडशे. गेलेल्याची खूण नव्याला द्यायची, ही रीत थेट सासूपासूनची. पण कोर्टात त्या काळ्या डगल्यांसमोर तिची बोबडी वळली आणि आधी आठवलं ते नाव तिने सांगून टाकलं. घरी येऊन इस्त्रीला घेतलेला पहिलाच शर्ट नव्या गिऱ्हाइकाचा, ठेकेदाराचा निघाला. कॉलर उलटली, तर आत तीच खूण, तिनेच त्याला दिलेली.

आज मंगळवार, ठेकेदाराचा दिवस. वकीलबाई एकदाच्या जातील तर बरं, असं ती मनात म्हणतेय तोच दार ढकलून तो आत आला. तिने हातातला शर्ट घाईघाईने फोटोवर टाकला.

"काय मावशी, चेहरा का उतरलाय?" त्याने कपड्यांचं गाठोडं ठेवलं.

"वय झालं आता."

"नात दुसरीत ना? शाळेतून एकटीच येते, बघतो मी." तो हसला. "जपा पोरीला."

ही माया होती की दम? त्याला सगळं ठाऊक आहे की काहीच नाही, हे तिला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. तो गेला.

वकीलबाईंनी शर्टाखालून फोटो काढून घेतला.

"निघते मावशी. आता त्रास देणार नाही. नवीन काही हाती नाही, म्हणजे बाइंडरच्या सुटकेचा अर्ज फेटाळला जाणार. त्याच्या आईला मीच सांगेन."

त्या दारापर्यंत पोचल्या.

"थांबा." लाँड्रीवालीने पुढे होऊन दाराला कडी घातली. गाठोड्याची गाठ तिला सुटेना, तेव्हा तिने ते तसंच वकीलबाईंकडे सरकवलं. "त्याचे शर्ट बघा."

वकीलबाईंनी गाठ सोडून एक कॉलर उलटली, मग दुसरी. मग त्या स्टुलावर बसल्या.

लाँड्रीवालीने सुनेला फोन लावला. पोरीला आत्ताच शाळेतून काढ आणि माहेरी जा, का ते विचारू नकोस, एवढंच सांगून तिने तो ठेवला. तोवर वकीलबाईंनी कागद पुढे ओढला होता.

"अकरा वर्षं गप्प का बसलात, असं कोर्ट विचारणार. काय लिहू?"

"भीत होते, असं लिहा."

पेन चालू लागलं.

"अजूनही भिते," ती म्हणाली. "तेही लिहा."