चार नंबरची सुट्टी

इयरफोनच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जो माणूस बसायचा त्याला सगळे चार नंबर म्हणायचे. आईबापांनी त्याला चांगलं नाव ठेवलं होतं. पण ते नाव दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं खाऊन टाकलं.

या इयरफोनच्या वायरीवर, गळ्याखाली येईल असा, बोटाएवढा रिमोट असतो. तीन बटनं. वरचं आवाज वाढवायचं, खालचं कमी करायचं. मधलं एकदा दाबलं की गाणं थांबतं, दोनदा दाबलं की पुढचं लागतं, तीनदा दाबलं की मागचं. खिशातला प्लेअर बाहेर काढायचा लोकांना कंटाळा, म्हणून ही बटनं. आणि बटनं चालतात की नाही ते बघायला एक यंत्र होतं, चार नंबरचं. ते एके दिवशी जे बसलं ते बसलं. सुटा भाग यायला सहा महिने लागतील म्हणाले. माल घेणाऱ्यांच्या करारात तर स्वच्छ लिहिलेलं, प्रत्येक रिमोट यंत्रानंच तपासलेला पाहिजे.

मग मॅनेजरनं डोकं चालवलं. यंत्रावरची ‘४’ लिहिलेली पितळी पट्टी उचकटून या माणसाच्या टेबलावर ठोकली. हजेरीपटातून त्याचं नाव काढलं आणि यंत्रांच्या यादीत चढवलं.

“कागदोपत्रीच आहे रे. तुला काय फरक पडतो?”

त्यालाही वाटलं, काय फरक पडतो. पगार मिळत होता. दर महिन्याला फिटर देखभालीचं कार्ड घेऊन यायचा आणि त्याच्या कोपरावर तेलाचा एक थेंब सोडायचा. कार्डावर ‘तेल दिले’ असा रकाना होता आणि फिटर खोटं लिहिणाऱ्यातला नव्हता. सुटा भाग काही आला नाही. यायची गरजच उरली नव्हती. चार नंबरच्या उजव्या अंगठ्याखालून दोन वर्षांत एकही खराब रिमोट पुढं सरकला नाही. मधलं बटन तिसऱ्या दाबाला केसभर जरी कचरलं, तरी त्या अंगठ्याला कळायचं आणि माल लाल ट्रेमध्ये जाऊन पडायचा.

अशात लेकीचा फोन आला. सहा वर्षं ती दूरदेशी नोकरीला होती. आता एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना गुरुवारी इथं गाडी बदलणार होती. एक ते पाच. चार तास.

“बाबा, याल ना स्टेशनवर? यानंतर मला कधी सोडतील काही सांगता येत नाही.”

“येणार म्हणजे येणार,” तो म्हणाला आणि अर्ज लिहून हजेरीबाईंकडे गेला.

“तुमचं नाव नाही हो पटावर,” बाई म्हणाल्या.

“अहो बाई, रोज माझ्या शेजारी बसून डबा खाता तुम्ही!”

“डबा खाल्ल्यानं पटावर नाव उमटतं का, दादा? यंत्राला रजेचा रकानाच नाही. लिहू कुठं, माझ्या कपाळावर?”

तो मॅनेजरकडे गेला. “साहेब, अर्धा दिवस फक्त. पोरगी येतीय.”

“आज चार नंबरला रजा दिली तर उद्या कॉम्प्रेसर मागेल,” मॅनेजर म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. “यंत्र एकाच कारणानं बंद ठेवतात. बिघाड.”

फिटरनं हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. “मग बिघड की लेका! एक खराब रिमोट चांगल्यात टाक. मी बिघाडाचा कागद करतो, दुपारपुरता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त झालास म्हणून लिहितो.”

गुरुवारी अकरा वाजता चार नंबरनं एक मेलेलं बटन शोधून काढलं. दाबलं. अंगठ्यानं रिमोट लाल ट्रेमध्ये फेकला. त्यानं तो उचलला, परत दाबला. परत लाल ट्रे. डोळे मिटून केलं, तरी तेच. स्वतःचाच अंगठा, आणि त्याचंच ऐकेना. बारा वाजून गेले. शेवटी उजवा हात मांडीखाली दाबून त्यानं तो रिमोट डाव्या हातानं चांगल्या ट्रेमध्ये ठेवला. आयुष्यात चोरी केली नव्हती, ती आज केल्यासारखं त्याला वाटलं.

टपून बसलेल्या फिटरनं झडप घालून रिमोट उचलला आणि चार नंबरच्या गळ्यात लाल पाटी अडकवली. बिघाड. मॅनेजर धावत आला.

“दुरुस्त कर.”

“सुटा भाग नाही, साहेब,” फिटर म्हणाला. “आजचा दिवस बंद ठेवू.”

“आजचा दिवस? गाडी भरायचीय मला. भंगारात काढा. नवं यंत्र उद्या बसवू, बाहेर फाटकाशी रोज पन्नास उभी असतात.”

फिटर घाईनं पुढं झाला. “साहेब, अहो, मी नुसता दुपारपुरता...”

मॅनेजरनं पेन काढलं, पण लगेच सही केली नाही. ट्रेमधला एक रिमोट उचलून चार नंबरपुढं ठेवला. “चालत असेल तर सांग. एकदाच विचारतो. सही झाली की तू यादीतही नाहीस आणि पटावरही नाहीस.”

“दाब रे,” फिटर पुटपुटला. “पाया पडतो तुझ्या, दाब.”

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगठा फुरफुरत होता. चार नंबरनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. बिघडलेलं यंत्र जसं बसतं तसा.

मॅनेजरनं सही केली. लाल पाटीवर ‘निकामी’ लिहिलं, खाली तारीख टाकली.

फाटकावर वॉचमननं अडवलं. “भंगार चालत बाहेर नाही जात. टेम्पोत चढव.”

चढला. तांब्याच्या वायरींच्या गुंडाळ्यांत आणि फुटक्या रिमोटच्या ढिगात बसून त्यानं पुढच्या काचेवर टकटक केलं. “ओ दादा, स्टेशनवरून घ्या.”

“भंगारच आता रस्ता सांगणार का आम्हाला?” ड्रायव्हर ओरडला. “गप बस! तिकडूनच जातोय.”

स्टेशनवर लेक बाकावर बॅगांच्या गराड्यात बसली होती. पावणेतीन वाजले होते. बाप दिसला तशी ताडकन उठली.

“मिळाली सुट्टी?”

“मिळाली.”

“परत किती वाजता जायचंय?”

“नाही जायचं.”

तिनं त्याच्या गळ्यातली पाटी हातात धरून वाचली. मग परत वाचली. तिचा आवाज चढला, तसे आजूबाजूचे लोक बघायला लागले. “हे कुणी लिहिलं, बाबा? नाव सांगा मला त्याचं. आत्ता जाते मी.”

“आत्ता कुठं जातेस? जेवलीस का?”

“नाही.”

“मग चल, आधी जेवून घे,” तो म्हणाला आणि तिची जड बॅग उचलली. “सव्वादोन तास आहेत.”