माझ्या पांढऱ्या पिल्लाला देव केलं

मी वसईच्या हरिभाऊंच्या वाडीतली राजेळी केळ. होय, बोलतेय, आणि रागानं बोलतेय.

माझ्या पानांवर जन्मापासून पांढरे पट्टे. येणारेजाणारे म्हणत, "हिला कोड फुटलंय." पूजेला माझं पान कुणी घेत नसे. बरंच होतं ते! मधल्या हिरव्या भागावर माझं पोट भरत होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात माझ्या बुंध्याशी पिल्लू फुटलं, शंखासारखं पांढरंशुभ्र. झालं, कोड विसरले सगळे! हरिभाऊंच्या आई, गोदाकाकू, हळदकुंकू घेऊन धावल्या. "साक्षात गौर आली गं! हिला अंगणात तुळशीपाशी लावू."

शेजारच्या आग्नेसबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. कुंपणावरून म्हणाल्या, "काकू, तोडू नका. पानाला हिरवं करणारी हरितलवकं असतात ना, त्यांचा वारसा वेगळाच. या एकाच केळीत ती दोन जातींची आहेत, हिरवी नि फिकी. पेशींच्या वाटणीत या पिल्लाच्या पदरी सगळी फिकीच आली. त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. आईच्या कंदातून जेवतंय ते."

"तुमच्या मरियामातेला आम्ही सायन्स विचारतो का गं?"

"तिनंसुद्धा लेकराला अजून कडेवरून खाली ठेवलं नाही, काकू!"

सून सरला सोमवार करणारी, देवभोळी. तीही पुटपुटली, "आई, राहू द्या ना इथंच." कोण ऐकतंय! पहार लागली. कंद तुटला.

त्याला दूध घातलं, पंचामृत घातलं. अरे, त्याला मी हवी होते! अठराव्या दिवशी ते काळं पडून कोसळलं.

आणि काकू काय म्हणाल्या? "सरला, तू अडचणीची असताना अंगण झाडलंस. तुझा विटाळ लागला." बिचारीनं महिनाभर अळणी जेवून प्रायश्चित्त घेतलं. पहार चालवणारे मात्र मीठ-मसाला घालून जेवत होते. माझा जीव तेव्हा खरा जळला.

आता वर्षभरानं माझा घड तयार आहे. घड उतरला की केळ तोडायची, ही रीत. पण बुंध्याशी पुन्हा एक पांढरं पिल्लू आलंय. सकाळी काकूंनी पहार मागवली, तर सरला पूजेचं ताट घेऊन माझ्यापुढे मातीतच बसली.

"आई, गौर माहेरीच राहील. पूजेला मी इथं येईन."

"आणि विटाळ?"

"देवाला चालत नसेल तर तो मला सांगेल. तुम्ही नका सांगू."

काकू पाय आपटत गेल्या. पहार अजून कुंपणाला टेकलेली आहे.

म्हणून सांगते, घड खुशाल न्या, केळी वाळवून सुकेळी करा, गोड मानून खा. मला मात्र उभी ठेवा. पिल्लाचं जेवण अजून व्हायचंय.