दुसरा टोला

पहिला टोला कायद्यात बसतो.

दुसरा

(इथे बाबुशचं स्वप्न दरवेळी थांबतं.)

ओरोसच्या कोर्टात बाकावर बसल्या बसल्याही त्याचा डोळा लागतो आणि पंख्याच्या घरघरीवर होडी डुलायला लागते. जाळ्यातून मोरी, म्हणजे लहान शार्क, वर येते. बापाने शिकवलेलं: मोरीच्या डोक्यात दांडा घातला की ती निपचित पडते, पण ते खरं नसतं. लगेच दुसरा घालायचा, नाहीतर पायाचा लचका गेला म्हणून समज. चाळीस वर्षं हात मोजतायत. एक, दोन. एक, दोन.

मग पाणी ओसरतं. वाळू. सकाळचे नऊ. शिवा कोयता घेऊन धावत येतोय. जाळी टाकायच्या जागेवरून कालच दोघांचं वाजलेलं. कोयता बाबुशच्या खांद्यात बसतो. बाबुशच्या हातात तोच दांडा.

एक. शिवा पडतो. कोयता लांब उडतो.

दोन.

पुन्हा.

कोयता लांब. शिवा वाळूवर, एका कुशीवर, मोरीसारखा गप्प.

दोन.

त्याच्या वकील संचिता मॅडमनी नीट समजावलं होतं. स्वतःला वाचवायला मारण्याचा हक्क धोका असेतोवरच. धोका सरला की हक्कही सरला. शिवा उठत होता, तर बाबुश कदाचित घरी. पडून होता, तर कितीतरी वर्षं आत. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. शेवटी त्या मालवणीवर आल्या होत्या.

"तो उठत होतो. इतक्याच सांगूचा, बाबुशकाका."

पुकारा होतो. न्यायाधीश विचारतात, दुसऱ्या टोल्याच्या वेळी शिवा काय करत होता?

आरोपीचा पिंजरा डुलतो. पायाखाली पाणी. समोर शिवाची विधवा यशोदा, पदर तोंडाशी धरलेली. बाबुश मनातच दांडा उचलतो, स्वप्नात उचलतो तसाच, आणि पहिल्यांदाच हात वरच राहतात.

"काय्येक नाय, साहेब. तो पडान होतो."

संचिता मॅडमचं पेन थांबतं.

मग पुन्हा का मारलंत, असं साहेब विचारतात.

"पयलो जिवाच्या भयान मारलंय. दुसरो हातांनीच मारल्यानी. तो माणूस आसा, ह्या हातांका म्हायत नाय होता."

यशोदाच्या तोंडावरचा पदर खाली येतो. लिपिक सगळं शुद्ध मराठीत टाइप करतो. बाबुश पायाने चाचपून बघतो.

खाली फरशी. कोरडी.