कागदाबाहेर गेलेली रेघ

देशाचं भवितव्य जनतेच्या घामातून घडतं, असं नियोजन भवनाच्या दारावर कोरलेलं होतं. आत, तिसऱ्या मजल्यावर, ते एक आरेखक काळ्या शाईने काढत असे.

प्रगतीच्या आलेखात झालेली वर्षं सलग रेघेत आणि व्हायची वर्षं ठिपक्यांत, हा खात्याचा रिवाज. सलग रेघ दमलेल्या माणसासारखी आडवी पडलेली असे. ठिपके मात्र प्रत्येक सरकारात जिना चढत. सरकार बदललं की नवा कागद, आणि ये रे माझ्या मागल्या. आरेखकाने असे पाच कागद पुरे केले होते. ठिपक्यांवर त्याचा मनापासून विश्वास होता. कुणाचा तरी हवाच.

घरी त्याची मुलगी चष्म्याच्या काचा घासण्याचं काम शिकून दोन वर्षं बसून होती. कच्ची काच परदेशातून येई. एका मंत्र्याने तिच्यावरचा कर काढला, म्हणून पोरीने शेड भाड्याने घेतली. दुसऱ्याने तो दुप्पट लावला, म्हणून यंत्रावर चादर घातली. आता परदेशातल्या एका कारखान्याचं नोकरीचं पत्र आलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"बाबा, नवी रेघ तुम्हीच काढताय ना?" बुधवारी जेवताना तिने विचारलं. "मग सांगा. थांबू की जाऊ?"

कर जाणार, मसुद्यात आहे, असं तो म्हणाला. मसुद्यात तर मागच्या खेपेलाही होतं, हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं तिची आई ताटं उचलता उचलता म्हणाली. उद्या रेघ पुरी झाली की सांगतो, म्हणून त्याने वेळ मारून नेली.

गुरुवारी दुपारी ऊन कागदावर आलं. ठिपका, श्वास, ठिपका. हळूहळू ठिपके पायाखाली आले. नदीतल्या दगडांवरून जावं तसा तो एकेकावर पाय टाकत निघाला; खालून वर्षं वाहत होती. दहाव्या ठिपक्यापाशी शेडचं दार उघडं होतं. यंत्र गुणगुणत होतं, मुलगी काच उजेडाला धरून बघत होती, आणि काचेतून सांडलेला उजेड रस्ताभर पसरला होता. पुढचं दिसावं म्हणून माणसं दारात ओळीने बसली होती. त्यांत आजवरचे सगळे मंत्रीही होते, नंबर लावून.

"बाबा, सावकाश," ती म्हणाली. "पुढे दगड नाहीये."

तो दचकला. पेन कागद सोडून टेबलावर गेलं होतं. शाई पुसायला त्याने कागद उचलला. दर सरकारात कागद आदल्यापेक्षा मोठा येई; त्याखाली झाकलेल्या लाकडावर, त्याच कोपऱ्याकडे निघालेल्या ठिपक्यांच्या आणखी पाच ओळी होत्या, एकीपेक्षा एक फिकट. हात त्याचाच. प्रत्येक सरकारात याच जागी त्याचा डोळा लागला होता, आणि प्रत्येक ओळ टेबलाच्या कडेला संपली होती.

तेवढ्यात संचालक आले. रेघ कागदाबाहेर गेलेली बघून ते रागावतील असं वाटलं, पण ते बेहद्द खूश झाले. प्रगती कागदात मावत नाही, हे वाक्य दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी सभागृहात टाकलं आणि बाकं वाजली.

गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर मात्र आरेखकाने चपलाही काढल्या नाहीत.

"जा, बाळा," तो म्हणाला. "मी टेबल बघितलं."

त्याच्या बोटांवरची शाई तिने बघितली आणि ती माळ्यावरची बॅग काढायला उठली.

सहा महिन्यांनी टपालाने चष्मा आला, तिने घासलेल्या काचांचा. जकातीच्या खिडकीवर त्याला चाळीस टक्के कर लागला.