गोऱ्या सुभद्राबाई

तेराव्याच्या दिवशी सकाळी सुलभाताई रिक्षातून उतरल्या, त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी तसबीर दोन्ही हातांनी सांभाळत. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या बोळात एवढी कडक इस्त्रीची साडी सहसा येत नसे. गटार चुकवत त्या दारापर्यंत आल्या आणि तसबीर वर्षाच्या हातात देत म्हणाल्या, "बघ, आई कशी शोभून दिसते! माझ्यातर्फे हो."

वर्षाने कागद सोडला. काचेमागे एक गोरीपान बाई बसली होती. लुगडं आईचं होतं, नाक आईचं होतं, मांडीवरचं बाळही तेच होतं. पण कपाळ कोरं, हनुवटी कोरी आणि बाळाला धरलेले हात कोपरापासून बोटांपर्यंत मैद्याच्या गोळ्यासारखे. गोंदण कुठेच नव्हतं.

सुभद्राबाईंचं गोंदण झाकणं हा सुलभाताईंचा जुनाच उद्योग. प्लेगनंतर सुरतेला स्वच्छतेचं वेड लागलं, तेव्हा या बाईंनी घोडदोड रोडवर बायकांसाठी मालीश-केंद्र काढलं. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, आणि कामाला वर्षाची आई. पहिल्याच आठवड्यात एका हिरेवाल्याच्या सुनेने तिच्या हातांकडे बघून नाक मुरडलं, "आ शुं लीलुं लीलुं? मेल छे?" हे हिरवं म्हणजे मळ नाही, गोंदण आहे, एवढं सांगायला सुलभाताईंना काय जड होतं? त्या स्वतः नाशिकच्या, गोंदण त्यांना नवं नव्हतं. पण त्यांनी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी आईला लांब बाह्यांचा हुकूम दिला.

"सुभद्राबाई, आपण प्रोफेशनल दिसायला हवं."

"बाई, मालीश बाहीनं करू का हातानं?"

बाकीच्या बायका हसल्या. सुलभाताई हसल्या नाहीत. दुपारपर्यंत सुती बाह्या तेल पिऊन काळ्या झाल्या आणि मळक्या बाह्यांबद्दल आईलाच बोलणी बसली. मग सुलभाताईंना अस्सल सुरती तोडगा सुचला. नायलॉन तेल पीत नाही! पलसाण्याच्या एका मिलमधून तागा आला आणि त्याच्या सुट्या बाह्या शिवल्या गेल्या, मनगटाला आणि कोपराला इलॅस्टिक. नायलॉनने तेल प्यायलं नाही हे खरं, ते आतच कोंडून ठेवलं. घरी येऊन आई बाही उतरवी, तेव्हा तेलाची धार लागे आणि खाली पुरळाने लाल झालेला हात दिसे. "मॅडमनी माझ्या हातांना गोषात बसवलं," असं म्हणून ती हसायची. वर्षाचं बी.एड. व्हायचं होतं, म्हणून हात गोषातच राहिले.

"मी त्या स्टुडिओवाल्याला बजावलं होतं," सुलभाताई सांगत होत्या, "डाग एकूण एक काढ म्हटलं."

"आणि मूळ फोटो?"

"तो होय? तिथेच कुठेतरी गहाळ झाला गं. फाटकाच तर होता. आता हा आहे की!"

आईचा तेवढा एकच फोटो होता. एका बारशात कुणीतरी काढलेला. तो मोठा करून आणते म्हणून सुलभाताई सांत्वनाला आल्या तेव्हा मागून घेऊन गेल्या होत्या.

भाईदास मामा पॉवरलूमची पाळी संपवून तसाच आला होता. त्याने चष्मा लावून तसबीर निरखली. "आक्का कशी भारी दिसी ऱ्हायनी! शेठानी दिसस शेठानी!"

याच धाकट्या भावाचं नाव आक्काने यात्रेत हट्टाने गोंदवून घेतलं होतं, डाव्या हातावर. ते तिथे नव्हतं आणि शेठाणीच्या भावाला त्याचा पत्ता नव्हता. वर्षा त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग बघेनाशी झाली.

"याचीच एक कॉपी काढून सेंटरमध्ये लावणार आहे," सुलभाताई म्हणाल्या. "खाली लिहिणार, 'आमच्या सुभद्राबाई'."

वर्षाने तसबीर दाराच्या उजेडात तिरपी धरली. बाकी फोटो चकाकत होता. चेहऱ्यावर आणि हातांवर चकाकी नव्हती, ब्रशचे फराटे होते. शाळेतली मुलं वापरतात तसलाच रंग दिसत होता, पाण्याने निघणारा. निदान तसा असावा.

"मावशी," तिने आत हाक मारली, "वाटीत पाणी आण. आणि वातींचा कापूस."

चमच्याच्या दांड्याने तिने मागचे खिळे वाकवले आणि फोटो बाहेर काढला.

"अगं, काय करतेस! खराब होईल तो! एकुलता एक आहे!"

"हो ना," वर्षा म्हणाली.

भीती तिलाही होतीच. रंग पक्का असला, किंवा पाण्याने खालचा कागदच सुटला, तर आई कुठेही उरणार नव्हती. पण ही मैद्याची बाई भिंतीवर चढली असती, तरी वेगळं काय होणार होतं?

तिने ओला कापूस उजव्या हातावर फिरवला. काही झालं नाही. पुन्हा फिरवला. कापूस गुलाबी झाला. एक ठिपका दिसला, मग ठिपक्यांची ओळ, मग तुळशीवृंदावन.

वत्सला मावशीने तोंडाला पदर लावला. "मायवं," एवढंच ती म्हणाली.

"आता चेहरा गोरा आणि हात काळे," सुलभाताई म्हणाल्या. "लोक हसतील, वर्षा."

"चेहराही पुसायचाय."

"आणि मग मी सेंटरमध्ये काय लावू?"

"बाह्या लावा. टांगायला इलॅस्टिक आहेच."

सुलभाताईंनी मावशीकडे बघितलं, मामाकडे बघितलं. मग त्या निऱ्या सावरत, वाट बघत उभ्या असलेल्या रिक्षाकडे गेल्या. जाताना, "शिकलेली मुलगी आणि ही भाषा," असं काहीतरी म्हणाल्या.

वर्षाने डावा हात पुसायला घेतला. निळसर अक्षरं एकेक करून वर येऊ लागली. मामा वाकला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकला.

"मनं नाव, भाईदास," तो हळूच म्हणाला.

शेवटच्या अक्षरावर कापूस जरा जास्तच दाबला गेला. रंगाबरोबर फोटोचा पापुद्राही निघाला आणि खालचा कागद पांढरा दिसू लागला. तिने झटकन हात मागे घेतला. बाकी नाव शाबूत होतं.

मामाने फोटो हातात घ्यायला बोटं पुढे केली. तिने तो दिला नाही. नवा कापूस भिजवला, चांगला पिळला, आणि पहिल्यापेक्षा हलक्या हाताने कपाळ पुसायला लागली.