अडीच इंच जास्त

मी चंपाच्या गळ्यातली टेप बोलतेय. पिवळी, साठ इंचांची, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या असलेली, कापड मोजायची टेप. माझ्याकडे जो बघतो तो आकडा बघतो. मला काही सांगायचं असेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

पण मला सांगायचंय. माझ्यामुळे एका आईला तीन दिवस घास गिळवला नाही. मी मुद्दाम काही केलं नाही हो, पण मनाला लागून राहिलंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापडाच्या अरुंद पट्टीवर रंग चढवला, रोगण लावलं, आकडे छापले, की झाली टेप. एकापासून साठपर्यंतचं जग मला ठाऊक आहे, पुढचं नाही. दादरच्या एका दुकानात बहिणींबरोबर खिळ्याला लटकत होते. चंपाच्या नवऱ्याने, रामदासने, जुनं शिवणाचं मशीन घेतलं तेव्हा मलाही घेतलं. रामदास गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवतो. काळाचौकीला चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली. तिथे तो, चंपा, दोन वर्षांची छबी, मशीन आणि मी. दाटी मशीनचीच.

पहिलं माप मी छबीचं घेतलं. पाडव्याचा दिवस होता. चंपाने नव्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं: ‘छबी. उंची तेहतीस, छाती वीस.’ लिहून झाल्यावर दोनदा पडताळून बघितलं. चंपाचा स्वभावच तसा. पोर जास्त झोपली तर नाकाशी बोट धरून बघायची, आणि कमी झोपली तर दृष्ट काढायची.

सुरुवातीला फक्त घरचं शिवण होतं. छबीचे दोन फ्रॉक, उशीचा अभ्रा, रामदासचा लेंगा. मग खालच्या मजल्यावरची गंगुबाई आली. ती गिरणीकामगारांची खाणावळ चालवते. अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम.

“चंपा, बाय माझे, जाता जाता एकच टीप मार गो.”

जाता जाता कुठे? चंपा तर बसलेलीच होती! पण तिने मारली. ती एक टीप चाळभर झाली. कुणाचं पोलकं उसवलंय, कुणाची पिशवी, कुणाच्या पोराची चड्डी. मी चंपाच्या गळ्यात दिसले की बाया समजायच्या, काम सांगायला हरकत नाही. आणि मी गळ्यातून निघतच नव्हते. भाकऱ्या थापताना मी, नळावर मी, छबीला भरवताना तिच्या ताटलीत माझं टोक. चंपाला ‘नाही’ म्हणता येत नसे. ‘ठेवा, बघते’ म्हणायची, आणि पलंगाखालचं गाठोडं फुगत जायचं.

छबीला एक युक्ती सापडली. आईचं तोंड सारखं मशीनवर वाकलेलं. मग माझी दोन्ही टोकं धरून ती लोंबकळायची. आईची मान खाली आली की पटकन पापा घ्यायची.

“सोड गं, टेप तुटेल!” चंपा ओरडायची.

तुटले नाही मी. पण मणभराचं नसलं तरी पोरच ते. मला कळ लागायची.

त्यात ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. जिकडेतिकडे सभा, मोर्चे, भिंतीभर घोषणा. गंगुबाई बायकांच्या मोर्च्यात सगळ्यांत पुढे. तिने ठरवलं, आपल्या चाळीचा फलक सगळ्यांत लांब पाहिजे. मांजरपाटाचा तागा आणला आणि गॅलरीत एक टोक तिने धरलं, एक चंपाने. मध्ये मी.

“ओढ गो, ओढ! झोळ पडता हा!”

मुंबई मिळवायची म्हणून दोघींनी मला अशी ओढली, की मला वाटलं आता माझेच दोन प्रांत होतात. वर अक्षरांचा लाल रंग माझ्यावर सांडला. चंपाला डाग खपत नाही. तिने मला सोड्याच्या पाण्यात घासली, आणि वाळताना वळी पडू नये म्हणून दोरीवर टाकून खालच्या टोकाला इस्त्री बांधली. दिवसभर लटकत होते मी इस्त्री घेऊन.

त्यानंतर मला जरा सैल सैल वाटायला लागलं. पण कुणाला सांगणार?

दसरा जवळ आला. छबीला नवा फ्रॉक शिवायचा म्हणून चंपाने सहा महिन्यांनी तिला पुन्हा दाराशी उभी केली. डोक्यापासून टाचेपर्यंत मला सोडलं. साडेबत्तीस. छाती घेतली. साडेएकोणीस.

तिने वही उघडली. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

“अहो, पोरगी आटली!”

रामदास नुकता पाळीवरून आला होता. “आटायला काय ती दूध आहे?”

“थट्टा सुचतेय तुम्हाला! अर्धा इंच कमी झाली उंची. मीच मेली दिवसभर मशीनला चिकटलेली. कधी खाल्लं, किती खाल्लं, माझं लक्ष होतं का?”

मी तिच्याच हातात होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, पोर नाही, मी! पण टेपेला बोलता येत नाही, फक्त दाखवता येतं. आणि मी चुकीचंच दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी ती छबीला कडेवर घेऊन लालबागला डॉक्टरकडे गेली. मला पुरावा म्हणून पिशवीत घेतलं. डॉक्टरांनी छबीला काट्यावर ठेवलं, जीभ बघितली, पोट बघितलं. छबीने त्यांची नळी ओढली.

“ठणठणीत आहे पोर,” डॉक्टर म्हणाले. “तुझा चेहरा मात्र उतरलाय बाई. जेवतेस का वेळेवर?”

पण चंपाचा विश्वास माझ्यावर. डॉक्टर काय, सगळ्यांनाच ठणठणीत म्हणतात! घरी येऊन तिने छबीपुढे गूळ-तूप-पोळीचा काला मांडला. छबी खाऊन खाऊन कंटाळली. चंपाने स्वतः काही तोंडात घातलं नाही.

तिसऱ्या दिवशी गंगुबाई परकराचं माप द्यायला आली. चंपाने मुकाट्याने मला तिच्या कमरेला गुंडाळलं.

“सव्वाचाळीस,” ती म्हणाली. वहीत बेचाळीस होते.

गंगुबाईने दोन्ही हात वर केले. “माजी कंबर उतारली गो! मोर्च्यात चालान चालान उतारली! अख्ख्या चाळीत सांगतंय मी!”

ती नाचत दारापर्यंत गेली तर समोरून मीराबाई. पलीकडच्या चाळीतली, मोजकं बोलणारी. दसऱ्याला तिला नागपूरला दीक्षेला जायचं होतं, म्हणून चंपाने तिला पांढरं पोलकं शिवून दिलं होतं. ते घालूनच ती आली होती. खांद्यावरून घसरत होतं.

“चंपा, हे बघ गं. वहीतल्याच मापानं शिवलंस ना?”

“हो. म्हणजे तुम्हीपण आटलात?” चंपाने छबीला मागे ओढलं. “मीराबाई, साथ आलीय की काय?”

मीराबाईने गंगुबाईकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग गॅलरीत गेली, शेजारच्या पोराच्या दप्तरातून लाकडी फूटपट्टी आणली आणि मला तिच्या शेजारी ठेवलं. फूटपट्टीचे बारा इंच संपले तिथे माझे साडेअकराच आले होते.

“माणसं न्हाईत आटली,” ती म्हणाली. “ही ताणलीया.”

मग चंपा हसली. हसता हसता रडली, आणि छबीला उचलून पोटाशी इतकी घट्ट धरली की छबीच ओरडली. मीराबाईने फूटपट्टीने छबीची उंची घेतली. चौतीस. पोर एक इंच वाढली होती, आणि ते आईला माझ्यामुळे कळलं नव्हतं.

“मगे माजी कंबर?” गंगुबाईने हळूच विचारलं.

“होती तिथंच हाय.”

“मेलो तो टेप!”

मीराबाई जाताना पोलकं ठेवून गेली. उंबऱ्यात वळून म्हणाली, “टेप काय गं, लालबागला उद्या दुसरी मिळंल. तुझ्या पोरीला दुसरी चंपा कुठं मिळायची?”

चंपाने पलंगाखालचं गाठोडं ओढून सोडलं. मग एकेक कपडा बाहेर काढला. ज्यांचे नुसते काठ दुमडायचे होते ते ज्याचे त्याला परत दिले, सुईदोऱ्यासकट. मोर्च्याच्या फलकाच्या कडा आता गंगुबाईच्या खाणावळीतल्या बायाच भाजी निवडून झाल्यावर हाताने शिवतात. शिवण चंपाने सोडलं नाही. तिला ते आवडतं. पण आता दुपारच्या भोंग्यानंतर मशीन उघडते, एका वेळी एकच कपडा, आणि छबी झोपेतून उठली की झाकण लावते. मीराबाईचं पोलकं तेवढं तिने त्याच दिवशी उसवून बेतशीर करून दिलं. ते घालूनच मीराबाई नागपूरला गेली.

नवी टेप आली. तिला मशीनच्या खणात जागा मिळाली, गळ्यात नाही.

आणि मी? मी आता साडेबासष्ट इंचांची, कुठल्याच कामाची नाही. छबीने मला मागून घेतलंय. ती मांजर मोजते, तांब्या मोजते, बापाची मिशी मोजते, आणि सगळ्यांचं माप ‘सतरा’ सांगते. मला बरं वाटतं. सतराच तर सतरा, त्यावरून कुणी रडत तरी नाही.

बायांनो, तुमच्या घरी जुनी टेप असेल तर तिला एकदा फूटपट्टीशी लावून बघा. पोर आटलंय असं वाटलं तर आधी टेपेवर संशय घ्या. आणि आमच्या टोकांना इस्त्री बांधू नका, एवढी विनंती.

आज दुपारी छबीने आईला जमिनीवर झोपवलं. मला तिच्या अंगठ्याला लावलं, पुढे सरकवलं, मी घसरले, पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात. चंपा डोळे मिटून सरळ पडून होती. इतक्यात खालून हाक आली, “चंपा, जाता जाता एकच टीप मारतस?”

चंपाने डोळेही उघडले नाहीत.

“उद्या, गंगुमावशी,” ती म्हणाली. “आता माझं माप चाललंय.”